तक्त्यात ढोलकी नाही

कामगारांच्या केसेस चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते फाइलबरोबरच येतात! ऐंशी-नव्वदच्या दशकांत मी डहाणूत वकिली करायचो. आसपासच्या कारखान्यांत कुणाचं ना कुणाचं बोट मशीनमध्ये जायचं आणि भरपाई मिळवता मिळवता माझं डोकं जायचं!

*

चिखल्याचा सोनू फुग्यांच्या कारखान्यात होता. त्याचा अंगठा गेला. सरकारी डॉक्टरांनी कायद्यातला अपंगत्वाचा तक्ता उघडला. अंगठा, तीस टक्के. संपलं!

सोनू लग्नांत ढोलकी वाजवायचा. त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर, ढोलकीचे किती?"

डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "तक्त्यात ढोलकी नाही रे."

*

भरपाई वयावरही ठरते. वय जास्त, तर रक्कम कमी. आमचा रामा कधी शाळेतच गेला नव्हता, जन्माचा दाखला आणणार कुठून?

कंपनीचे वकील उठले. "साहेब, हा पन्नाशीचा दिसतो!"

मागच्या बाकावरून रामाची आई ताडकन उठली. "मग काय माझ्या लग्नाच्या आधी जन्मला का रे हा?"

अख्खं कोर्ट हसलं. तरी वय ठरवायला रामाच्या हाडांचा एक्स-रे काढायला लावलाच!

*

वेवजीच्या हद्दीवर एक कारखाना होता. ऑफिस महाराष्ट्रात, मागची शेड गुजरातेत! त्या शेडमध्ये लक्ष्याची उजव्या हाताची चार बोटं गेली. घरात कमावता तो एकटाच.

इकडचे साहेब म्हणाले, "शेड गुजरातची, तिकडे अर्ज करा."

तिकडचे म्हणाले, "ऑफिस तो महाराष्ट्रमां छे, त्यां जाओ!"

परत येताना लक्ष्या हाताचं फडकं सावरत म्हणाला, "वकीलसाहेब, मी मधेच उभा राहू का?"

*

अखेर लक्ष्याची केस इकडेच उभी राहिली. कारखान्याचा मॅनेजर प्रत्येक तारखेला एकच पालुपद लावायचा. "साहेब, त्याला काहीसुद्धा फरक पडलेला नाही. डावा हात आहे, उजवा अंगठा आहे. पहिल्यासारखं सगळं काम करतो. भरपाई कसली?"

शेवटच्या तारखेलाही तेच! न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. मग उद्यापासून त्याला त्याच मशीनवर घ्या."

मॅनेजर दचकून उभाच राहिला. "काय सांगताय, साहेब! असला हात घेऊन हा मशीन चालवणार कसं?"

न्यायाधीश स्टेनोकडे वळले. "हे शब्दशः लिहून घ्या."