सतराच्या वरचे तीन

मी पाठीमागे बसून बटणाचे आवाज मोजतो, हे नाईकांना पहिल्यापासून माहीत होतं की नंतर कळलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हजेरी विभागाचा मुख्य कारकून होतो. बायको-मुलं सांगलीला. मी साताऱ्यात एका खोलीत राहायचो आणि शनिवारी एस.टी.नं उंब्रज, कऱ्हाड, आष्टा करत घरी जायचो. कारखान्यात साडेचारशे माणसं आणि तीन पाळ्या. त्यांची हजेरी मी आणि माझ्या हाताखालचे दोघं बारा वर्षं हातानं मांडत आलो होतो. मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर नाईक आले.

नाईक हा त्यांचा हुद्दा, नाव नव्हे. ते उंब्रजकडचे. सैन्यात सिग्नलला होते, टेलिप्रिंटरवर बरीच वर्षं काढलेली. आमचे मॅनेजरही सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी नाईकांना पंधरा दिवस पुण्याला शिकायला पाठवलं आणि ऑपरेटर म्हणून नेमलं. वर्षभर तात्पुरते, मग कायम. मिलिटरीवाला मिलिटरीवाल्यालाच सांभाळणार, असं मी तेव्हा मनात म्हटलं. हे इथं लिहितो, कारण पुढं जे झालं त्यात याचा वाटा होता.

यंत्र लोखंडी कपाटाएवढं होतं. समोर दिव्यांची रांग, खाली बारा स्विच आणि बाजूला एक बटण. हजेरीचं काम कसं करायचं ते सगळं कागदी फितीवर भोकं पाडून ठेवलेलं असे. पण यंत्राला फीत वाचायची कशी हेच मुळात माहीत नसायचं. ते आधी हातानं शिकवावं लागे. स्विच वर-खाली करून एक आकडा मांडायचा आणि बटण दाबायचं, की तो यंत्राच्या एका घरात जाऊन बसे. या आकड्याला शब्द म्हणत. असे ठरावीक शब्द ओळीनं भरले की यंत्र फीत वाचायला लागे. त्या शब्दांना मिळून लोडर म्हणायचे. एकदा भरलेला लोडर खरं तर आत टिकायला हवा. पण साताऱ्यात वीज जवळजवळ रोज झटक्यात जायची, आणि त्या झटक्यात आतले आकडे बिघडायचे. मग पुन्हा पहिल्यापासून.

नाईकांना मी एकदा हे काय म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, "हिरीवर पंप चालू करताना पायपात आधी घागरभर पाणी वतावं लागतं का न्हाई? तसंच हाय हे."

पहिले सहा महिने मी यंत्राची छापील हजेरी रोज हातानं तपासली. एकही चूक सापडली नाही. मला तेच खटकलं. बारा वर्षांत आमची हातची हजेरी पहिल्या फटक्यात कधी जुळली नव्हती.

मग मी नाईकांवर लक्ष ठेवू लागलो. एरवी ते खुर्चीत बसून काम करत, पण सकाळी लोडर भरताना मात्र उभे राहत. तेही पाठ अशी करून की समोरचं काही दिसू नये. ओठ हलत असत. माझं टेबल मागेच होतं. दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. दर शब्दाला बटणाचा एक खट असा आवाज. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक मी चाळलं होतं. त्यात लोडरचे शब्द सतरा होते. मी मोजले, ते वीस भरले.

पहिल्या दिवशी मीच चुकलो असेन म्हणून सोडून दिलं. नंतर अकरा वेळा मोजलं आणि खिशातल्या डायरीत तारखेवार लिहून ठेवलं. अकराही वेळा वीस.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाईक, या लोडरचे शब्द किती हो?"

"पुस्तकात सतरा हायत," नाईक म्हणाले.

पुस्तकात, असं ते म्हणाले. मी तो शब्दही डायरीत लिहून ठेवला.

त्या शनिवारी पुस्तक पिशवीत घालून सांगलीला नेलं. पुस्तकात लोडर आकड्यांत दिलेला नव्हता, इंग्रजी खुणांमध्ये लिहिलेला होता: हे उचल, ते पुढं सरकव, अमुक घराकडं परत जा. यंत्रात भरायचे आकडे ज्यानं त्यानं शेवटच्या तक्त्यावरून काढायचे. रविवारी जेवणं झाल्यावर मी सतरंजीवर बसलो. या हिशेबात आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. सातानंतर एकदम दहा. माझ्यासारख्याच्या हाताला ते मानवत नाही. पहिल्या खेपेला मी सातानंतर सवयीनं आठ मोजला आणि मागं फिरणारे सगळे शब्द एकेका घरानं चुकले. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा नव्या कागदावर केलं आणि दोन्ही ताडून पाहिले. सतराच्या सतरा जुळले.

बायको भांडी आवरत होती. काय चाललंय ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "दूधवाल्याचं माप तुम्ही सहा महिने मोजत होता. शेवटी आपलाच पेला खोटा निघाला."

मी म्हटलं, हे वेगळं आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नाईक डबा घेऊन बाहेर गेले, तेव्हा मी यंत्रापुढं उभा राहिलो. एक स्विच दाबला की आतल्या घरात काय आहे ते दिव्यांवर दिसतं. एकेक घर उघडून मी वीसही शब्द उतरवून घेतले आणि तक्ता उलटा लावून त्यांचा अर्थ काढला. सतरांचा अर्थ माझ्या सतरांसारखाच होता. जास्तीचे तीन असे: एका घरात मोजणी ठेवायची, तीत एक मिळवायचा, मोजणी फिरून शून्यावर आली नसेल तर पुन्हा एक मिळवायचा. फितीवरची भोकांची प्रत्येक ओळ वाचण्याआधी यंत्र चार हजारांवर आकडे नुसतं मोजत होतं. त्यातून ना काही वाचलं जात होतं, ना कुठं लिहिलं जात होतं.

काहीच न करणारी गोष्ट कोणी मुद्दाम घालत नाही. ही मी माझ्या नोकरीत पक्की धरलेली गोष्ट होती. मस्टरमध्ये कोणी रिकामी ओळ सोडली, तर ती नंतर भरायलाच सोडलेली असते. नाईकांनी जागा धरून ठेवली आहे, उद्या तिथं दुसरं काही बसवतील आणि उंब्रजच्या पोरांचे खाडे हजेरीत बदलतील, असं मी धरून चाललो. आमच्याकडे उंब्रजचे एकोणीस जण होते. तेही मी मोजून ठेवले.

अर्ज लिहिला, डायरीतल्या अकरा तारखा जोडल्या आणि मॅनेजरांना दिला. महिना संपायला अठरा दिवस राहिले होते. महिनाअखेरीस नाईक कायम व्हायचे होते. हे मला माहीत होतं.

मॅनेजरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. तीन शब्द जास्तीचे आहेत का, एवढंच नाईकांना विचारलं.

"व्हय, साहेब. तीन जादा हायत."

"कशाला?"

"थांबायला. वहीत लिवलंय."

यंत्राच्या खोलीत एक वही असायची. रोज किती वाजता चालू केलं, किती फिती वाचल्या, किती माणसांची हजेरी निघाली, हे नाईक त्यात लिहीत. दर शनिवारी मी बेरजा तपासून खाली सही करायचो. मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "वही मी दर आठवड्याला तपासतो. तसलं काही त्यात नाही."

नाईकांनी वही आणायला पाऊल उचललं. मॅनेजर म्हणाले, राहू द्या, भाऊसाहेबांचं आकड्यांत चुकत नाही. भाऊसाहेब म्हणजे मी. नाईकांनी पाऊल मागं घेतलं. सावधान उभे राहिले, आणि सांगितल्यावर गेले. त्यांना माल बाहेर पडतो त्या गेटवर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं. कायम करायचं की काढून टाकायचं, हे महिनाअखेरीस पाहू, असं मॅनेजर मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझे सतरा शब्द भरले. सकाळी साडेआठला पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट दिव्यांवर येत होतं आणि कोणता लागलाय, कोणता विझलाय ते कळेना. उभं राहून अंगानं ऊन अडवलं, तेव्हा दिसायला लागलं. मी उभा आहे, पाठ खोलीकडं आहे आणि विसरू नये म्हणून ओठांत आकडे म्हणतो आहे, हे माझ्या ध्यानात आलं. मनाला थोडं लागलं. पण फीत नीट वाचली गेली आणि ते लागणं मी बाजूला सारलं. उभं राहण्याचं कारण कळलं तरी जास्तीचे तीन शब्द जास्तीचेच.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. जाता-येता गेटवर नाईक दिसायचे. नमस्कार करायचे. मी मान हलवायचो.

त्या आठ दिवसांत कारखान्यातली पत्रा दाबायची मोठी प्रेस दुरुस्तीला उघडून ठेवलेली होती. नवव्या दिवशी ती जोडली. दुपारी ती सुरू झाली, की आमच्या खोलीतले दिवे मंद व्हायचे. हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. त्यात नवीन काही नव्हतं. तीन वाजता दुसऱ्या पाळीची फीत लावली आणि यंत्र निम्म्यात थांबलं. पुन्हा लावली, दुसरीकडं थांबलं. दिव्यांवर सतरा शब्द तपासले. सतराही बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक, दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

माझा संशय अजून नाईकांवरच होता. त्यांनी जाताना फीत वाचणाऱ्या भागात काही करून ठेवलं असणार. खोलीची किल्ली माझ्याकडं होती, ते गेटवरून हलत नव्हते, तरीही. तिसऱ्या दुपारी हे सगळं तारीखवार नोंदवावं म्हणून मी वही उघडली. आकड्यांच्या रकान्यांत लिहिण्यासारखं काही नव्हतं, कारण हजेरी निघालीच नव्हती. म्हणून शेवटच्या रकान्यात लिहायला लागलो. तो रकाना शेऱ्याचा. बेरजेला त्याचा उपयोग नसतो, म्हणून मी तो कधी वाचलेला नव्हता.

मागं कोणी असं काही लिहिलंय का म्हणून पानं उलटली. सात महिन्यांपूर्वीच्या पानावर, बारीक सरळ अक्षरात, असं होतं:

"दुपारी प्रेस चालू असता फीत चुकते. विजेचा दाब कमी पडला की भोकं बसायच्या आधी वाचली जातात. लोडरमध्ये थांबा घातला, तीन शब्द. प्रेस चालू ठेवून चार वेळा पाहिले. बरोबर."

पानाच्या खाली माझी सही होती. शनिवारची तारीख होती.

ते नुसतं मोजणं म्हणजे फीत नीट बसेपर्यंत यंत्राला थांबवून धरणं होतं. मग कागद घेतला आणि लोडर पुन्हा पहिल्यापासून मांडला. मध्ये तीन शब्द आले की पुढचे सगळे तीन घरं सरकतात, म्हणून मागं फिरणारे शब्द नव्यानं काढावे लागतात. नाईकांनी तेही न चुकता केलं होतं. वीस शब्द भरले. प्रेस चालू होती, दिवे मंद होते. फीत शेवटपर्यंत वाचली गेली. चार वेळा लावून पाहिली.

महिना संपायला सहा दिवस होते. वही काखेत धरून मी मॅनेजरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. वहीत काही नाही, असं मी वही न वाचताच म्हणालो होतो, हेही सांगितलं. त्यांनी पान वाचलं. खालची सहीही पाहिली.

"लेखी दिलं होतंत," ते म्हणाले. "लेखीच मागं घ्या. या पानाची नक्कल जोडा. तुमच्या सहीसकट."

मी तिथंच बसून लिहिलं. माझी सही माझ्याच हातानं नकलेवर उतरवायची होती. वहीतलीसारखी ती आली नाही.

गेटवर जाऊन नाईकांना मीच सांगितलं. त्यांनी आधी ट्रकचा नंबर पुरा लिहिला. मग म्हणाले, "शेऱ्याचा रकाना लय अरुंद हाय, भाऊसाहेब. दिसत न्हाई लवकर." मला सोडवायला बोलले की टोचायला, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

महिनाअखेरीस ते कायम झाले आणि पहिल्या तारखेला खोलीत परत आले. साडेआठला उन्हाकडं पाठ करून उभे राहिले आणि आकडे मोठ्यानं म्हणत भरू लागले, मला ऐकू जातील इतपत मोठ्यानं. एकोणीस झाले. विसाव्याचे स्विच मांडले आणि ते बाजूला सरकले.

"या, भाऊसाहेब. इसावा तुमी दाबा."

मी उठून बटण दाबलं. मला वाटलं, एका दिवसापुरतं असेल. मी कारखाना सोडेपर्यंत वीज गेली की दर वेळी हेच चाललं. एकोणीस ते भरत आणि विसाव्यासाठी थांबत. एकदा मी तापानं दोन दिवस खोलीवर होतो. परत आलो तेव्हा वहीत त्या दोन दिवसांच्या शेऱ्याच्या रकान्यात होतं: "विसावा शब्द भाऊसाहेबांच्या वतीने." तोवर मी तो रकाना आधी वाचायला लागलो होतो.