डाखाऊच्या माणसांना नीरेचं पाणी

बाळांनो, आजीला कधी देवाची शंका आली होती का, असं तुम्ही पत्रात विचारलंत. आली होती, आणि ती पुरती गेली, असं आजही म्हणवत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. साखर कारखान्याची यंत्रं पाहायला तुमच्या आजोबांना जर्मनीला पाठवलं, तेव्हा मीही सोबत गेले. म्युनिकजवळ डाखाऊ आहे. हिटलरच्या राजवटीत तिथे माणसं कोंडून मारली. मी हट्टाने ती जागा पाहायला गेले. प्रेतं जाळायच्या भट्ट्या विटांच्या होत्या, सांधे अगदी सरळ. बाहेर गवत नीट कापलेलं. आयुष्यभर मला टापटीप आवडली; त्या दिवशी तिचीच भीती वाटली. सवयीने हात जोडले, पण देवाचं नाव ओठांवर येईना. इथे किती जणांनी त्याला हाक मारली असेल! त्यांची ऐकली नाही, तर माझी त्याने का ऐकावी?

आमच्या गावी, निरवांगीला परतल्यावरही तेच. रोजचं स्तोत्र सुरू करायचे आणि मधेच थांबायचे. पाच महिने असे कोरडे गेले.

सर्वपित्री अमावास्येला माझे चुलत सासरे, तात्या, पितरांना तिळाचं पाणी सोडायला नीरा नदीवर निघाले. मी नैवेद्याचं ताट घेऊन मागे होते.

"काय सूनबाई, इलायतेला जाऊन देव तितंच ठिवून आलीस व्हय?" ते हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. काठावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं,

"त्यास्नी पाणी कुणी सोडलं?"

"कित्येकांच्या घरचं कुणी उरलंच नाही, तात्या. आणि पुष्कळसे ज्यू होते. त्यांच्यात असं पाणी सोडतात की नाही, मला माहीत नाही."

"चुकलं तर चुकलं. तान समद्यास्नी लागती." त्यांनी तिळाची वाटी माझ्या हातात दिली.

"बायका कुठे सोडतात?"

"मी कुठं बघितलिया ती जागा? तू बघितलियास. सोड."

गुडघाभर पाण्यात दक्षिणेकडे तोंड करून मी ओंजळी सोडू लागले. नावं माहीत नव्हती. "हे तुम्हाला, हे तुम्हाला," एवढंच म्हणत होते. वाटी लवकरच रिकामी झाली.

"तीळ संपले, तात्या."

"माणसं संपली का?"

"नाही."

"मग नुसतं पाणी सोड."

हात भरून आले तरी मी सोडत राहिले. डाखाऊत न फुटलेलं रडू तिथे फुटलं.

त्या भट्ट्यांचं उत्तर मला मिळालं नाही, मिळेल असंही वाटत नाही. पण उत्तर नसताना देवापुढे उभं राहता येतं, हे मला कुठल्याही कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. अक्षरशत्रू तात्यांच्या तोंडून ते कुणी वदवलं, हे मी विचारत नाही. त्यांचे उपकार मात्र रोज आठवते.

आता तात्या नाहीत. दर वर्षी त्या अमावास्येला मी एकटीच नदीवर जाते. ओंजळी मोजत नाही. हात थकले, की देवाला "उरलेल्यांचं तू बघ" म्हणते आणि घरी येते.