क्वीन्सटाउनला उमेदवार का फिरकत नाहीत

मी विनायक सोमण, वाणिज्य पदवीधर, क्वीन्सटाउनचा रहिवासी आणि सिंगापूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या निवडणूक नियमांचा कर्ता. एक कबुली द्यायची आहे. सकाळपासून चैन नाही.

आमच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णी आजींना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. गणपतीची आरती लिफ्ट असलेल्या हॉलमध्ये व्हावी, एवढेच त्यांना मंडळाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांना सांगायचे होते. म्हणून मी आमच्या पाठिंब्याच्या उमेदवाराला फोन केला.

"काका, क्वीन्सटाउन तर आपलंच आहे! चुरस शेजारच्या बुओना व्हिस्टा विभागात आहे. चौथ्यांदा तिकडेच चाललोय."

विभागात ज्याला बहुमत, त्यालाच त्या विभागाची सगळी मते, हा नियम माझाच. निकाल ठरलेल्या विभागात मग कोण कशाला येईल? सिंगापूरचा राष्ट्राध्यक्ष निवडताना मात्र आपले प्रत्येक मत थेट मोजले जाते.

निरोप ऐकून आजी म्हणाल्या, "विनायका, मग मी बुओना व्हिस्टालाच राहायला जाऊ का रे?"

थेट मतदानाचा प्रस्ताव मी उद्या मांडणार आहे. विभागाची गठ्ठा मते गेल्याने कदाचित आमचाच उमेदवार पडेल. तरीही अनुमोदन कोण देईल?

विनायक सोमण
क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, संध्याकाळ