कँडीचा मुक्काम

सोलापूरच्या एका शाळेत वेणीमाधव नावाचे ड्रॉइंगमास्तर होते. १९३३ साली त्यांना बायकोसह सायकलवरून सिलोनला जायची लहर आली. प्रेमलाबाई मुकाट्यानं सायकल शिकल्या. मास्तरांनी सगळ्या मुक्कामांचं वेळापत्रक आखून गावच्या साप्ताहिकात छापून आणलं. बायकोला विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच. सायकलवरची बाई बघून ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांनीच निघताना हार घातले. जगाची रीतच ती.

समुद्र ओलांडून आठवडा झाला असेल. त्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. आपल्याकडचा पाऊस बोलावून येत नाही. हा घालवून जात नव्हता. त्या दिवशीच्या मुक्कामाचं कँडी शहर सोळा मैलांवर, रस्ता चढाचा. एका चहाच्या टपरीपाशी प्रेमलाबाई उतरून बाकावर टेकल्या. अंगात कणकण होती, ओठ निळे पडले होते. टपरीवाल्या म्हातारीनं खुणेनंच आतली खाट दाखवली.

"अहो, आज इथंच राहू या का?"

मास्तरांनी खिशातलं ओलं कात्रण उलगडलं. "आज कँडी छापलंय. लोक काय म्हणतील?"

प्रेमलाबाई उठल्या, पदर खोचला, सायकल हातात घेतली. दिवेलागणीला कँडी आली. मास्तर आधी तारऑफिसात गेले, 'पोहोचलो' म्हणून साप्ताहिकाला तार केली आणि मग डॉक्टर शोधायला निघाले. चौथ्या दिवशी प्रेमलाबाई गेल्या. न्यूमोनिया.

सोलापुरात शोकसभा झाली. कुणी त्यांना वीरांगना म्हणालं, कुणी पतिव्रता. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. एका शब्दानं खरं सांगायचं धैर्य झालं नाही. मनात मात्र ती तार रोज वाजायची.

वर्षश्राद्ध झाल्यावर ते वैरागला सासूबाईंकडे गेले. यशोदाबाईंनी पान वाढलं, समोर बसल्या.

"लई सांभाळलंत हो तिला, जावईबापू. परमुलखात माझी लेक एकटी नव्हती, एवढंच समाधान."

हे ऐकल्यावर मास्तरांनी हातातला घास पानात ठेवला. खोट्या पुण्याईवर आणखी किती दिवस जेवायचं? त्यांनी टपरी सांगितली, खाट सांगितली, तार सांगितली. काही राखून ठेवलं नाही.

यशोदाबाईंनी एवढंच विचारलं,

"ती राहू या म्हणाली?"

"हो, आई."

"लहानपणी ताप फणफणला तरी पाणी मागायची नाही की ती. आपलं आपण उठून घ्यायची. जन्मात एकदा तोंड उघडलं तिनं. तेही निजायला खाट मागायला."

मास्तर पानावरून उठू लागले. यशोदाबाईंनी हातानं थांबवलं.

"जेवून घ्या. लेकीचं माणूस माझ्या दारातून उपाशी जायचं नाही. पण पुन्हा या घरी येऊ नका."

मास्तर रडत रडत जेवले. यशोदाबाई शेवटपर्यंत वाढत होत्या.