भोंग्यापुढचं सूप

माझ्या मामाएवढा गोड बोलणारा माणूस जव्हार संस्थानात दुसरा नव्हता, आणि माझ्याएवढी भोळी भाची तर कुठेच नव्हती. मामा दरबारच्या कचेरीत पट्टेवाला. भाताची झोडणी उरकली त्या सुमाराला तो जामसरला आमच्या घरी एक पेटी घेऊन आला. पेटीला पितळी भोंगा, आत फिरणारी मेणाची नळी. भोंग्यात बोललं की सुई मेणावर रेघ कोरायची, आणि पुन्हा फिरवलं की तेच बोलणं बाहेर यायचं. नळी एकच होती. बिघडलं तर पात्यानं मेण तासून पुन्हा कोरायचं.

माझं लग्न ठरलं होतं, मोखाड्याला. आईपासून एवढं लांब जायचं म्हणून मी जेवणावर रुसले होते. मामा म्हणाला, "रडतेस काय? तुझ्या आईची कहाणी हिच्यात भरू. नळी तुझी. सासरी आठवण आली की आई ऐकायची."

लगेच दोन भाकऱ्या खाल्ल्या मी. बावळट कुठली!

नवं धान्य घरात आलं की आई कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवीची, कहाणी सांगायची. शेजारचे आजोबा साथीला तारपा फुंकायचे. आई बोलत असली की तो भोपळ्याचा लांब वाजा हळू घुमायचा, आणि ती दम घ्यायला थांबली की असा गरजायचा की कोंबड्या पळायच्या.

पहिल्या खेपेला मामानं आजोबांना आईच्या पाठीमागे बसवलं. "बाय, भोंग्यात तोंड घालून बोल."

"आणि तारप्याकडं पाठ करू?" आई म्हणाली. "नाय रे भावा. तारप्याकडं पाठ आपल्यात कोण करतं? कचेरीत बसून इसरलास?"

ती वळली आणि भोंग्याला पाठ दाखवून सगळी कहाणी बोलली. नळीतून निघाला नुसता तारपा. मेण तासलं.

मग मी शहाणी पुढे झाले. आजोबांना पेटीच्या मागे बसवलं, म्हणजे आईचं तोंड तारप्याकडंही आणि भोंग्याकडंही. तरी तारपा तिला गिळायचाच. म्हणून त्याच्यावर घोंगडी टाकली. आता आई खणखणीत आली, पण तारपा विहिरीत पडल्यासारखा. आजोबा घोंगडीतून डोकं काढून म्हणाले, "पोरी, मला हिवताप झालाय का गं?" मेण तासलं.

शेवटी मी पाखडायचं सूप घेतलं. तारपा गरजला की सूप भोंग्यापुढे तिरकं धरायचं, आई बोलू लागली की काढायचं. सोपं वाटलं होतं. धरायला उशीर झाला की पहिला सूर सुईला लाथ मारायचा. काढायला उशीर झाला की आईचा पहिला शब्द सुपातच राहायचा. पुन्हा मेण तासलं. नळी बोटाला पातळ लागू लागली.

मग माझ्या ध्यानात आलं, कानावर भरवसा ठेवायचाच नाही. आजोबांचे गाल बघायचे. गाल टम्म फुगू लागले की सूप आत, सैल पडू लागले की बाहेर.

त्या खेपेला सगळं उतरलं. नळी पुन्हा फिरवली तेव्हा आई भोंग्याला कान लावून ऐकत होती. "ही मी? केवढी भांडकुदळ वाटते!" म्हणाली आणि लाजली.

मामा म्हणाला, "भाचे, ती गालांची युक्ती जरा नीट सांग बघू." मी तीनदा सांगितली, सूप हातात घेऊन करूनही दाखवली. "नळी जव्हारला नेतो, चांगली डबी करून पेटीसकट मोखाड्याला आणतो," म्हणाला. मी स्वतः फडक्यात गुंडाळून दिली.

सासरी गेल्यावर घरभर सांगितलं, माझी आई पेटीतून येणार आहे. सासूबाई म्हणाल्या, "मग तिच्यासाठी येगळी चूल मांडू का?"

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मामा खरंच आला. पेटी होती, कमरेला नवा झळझळीत पट्टा होता. माणसं जमली. मी सासूबाईंना ओढत पुढे नेलं. मामानं चावी दिली, आणि भोंग्यातून मामाच बोलू लागला. दरबारच्या रयतेनं रस्त्याच्या कामाला हजर राहावं, प्रत्येकानं आपापली कुदळ आणावी. मधे मधे तारपा. एकेक शब्द स्वच्छ, एकेक सूर बेताचा. सूप कोणीतरी अगदी नेमकं हलवलं होतं. मामाच्या मुलीनं, हे मागाहून कळलं.

"हीच का तुझी आई?" सासूबाई म्हणाल्या. "आवाज जरा घोगरा हाय."

मी मामाला बाजूला घेतलं. "मामा, माझी आई कुठाय?"

"अगं, नळी एकच. कारभाऱ्यांना नमुना दाखवायचा होता, तासावी लागली. आईचं काय, ती परत बोलेल."

आणि मी काय केलं? त्याला गूळपाणी दिलं. वर म्हणाले, "आवाज छान आलाय हं, मामा."

आई परत बोलली नाही. ती कहाणी नव्या धान्यालाच सांगायची असते, आणि पुढचं भात घरात येईपर्यंत मामानं पेटी कुणा अधिकाऱ्याला नजराणा म्हणून देऊन टाकली होती. पुढच्या साऱ्या हंगामांत मी मोखाड्यात भात झोडत होते, आई जामसरला. ती गेली तेव्हाही मी मोखाड्यातच.

परवा नात म्हणाली, "आजी, तुझ्या आईची कहाणी सांग ना." कणसरी रुसून निघाली, इथवर आले आणि अडले. ती परत कशी आली, आठवेना. मामाचं भाषण मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. इतकं स्वच्छ आलं होतं ना. नात वाट बघत होती, म्हणून तिला तेच म्हणून दाखवलं, कुदळीसकट.