न झालेला पास

एकतीस वर्षं काकांनी रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन केलं आणि त्यातली बावीस मी त्यांच्या शेजारी बसून बटणं सांभाळली. कोमट पाण्याचा थर्मास, खेळाडूंचे नंबर लिहिलेला पुठ्ठा आणि अखंड बडबड. घरी मात्र तोंडाला कुलूप. काकू म्हणायच्या, "ह्यांना बोलतं करायचं तर पुढ्यात माईक धरावा लागतो."

या धंद्यातली एक लबाडी सगळेच करतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव चुकलं, तर मध्येच एक पास घुसवायचा आणि चेंडू खऱ्या माणसाकडे पोचवायचा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एका चिखलातल्या सामन्यात काकांनी नऊ नंबरला अर्धं मैदान पळवलं. गोलपाशी कळलं, हा तर सात नंबर. काकांनी लगेच पास घुसवला आणि सातने गोल मारला. मी अंगठा वर करून दाद दिली.

दोन दिवसांनी तो सात नंबर स्टुडिओत आला. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. मुलाचा खेळ ते रेडिओवरच बघायचे. "बाबा म्हणतात, पळाला दुसराच, तू आयता पुढे उभा होतास. मी खरं सांगितलं, तर म्हणाले, रेडिओ खोटं बोलेल का?"

काका तडक त्याच्या घरी गेले, मलाही ओढत नेलं. पलंगाशेजारी बसून त्यांनी अख्खी धाव पुन्हा सांगितली. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "पोराची बाजू घ्यायला आलात. खरं असेल तर रेडिओवर सांगा."

रेडिओवर चूक कबूल करायची नाही, हा आमच्या साहेबांचा नियम. मोडला की माईक गेला. मी काकांच्या हातापाया पडलो. पुढच्या सामन्याला माईक सुरू होताच ते म्हणाले, "मागच्या वेळी मी एक पास सांगितला. तो झालाच नव्हता. सात नंबर एकटा पळाला होता." मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकाच अभिमानही वाटला.

साहेबांनी सहा सामने दुसऱ्याला दिले. लोकांनी फोन करून इतकं भंडावलं की सातवा काकांना द्यावाच लागला. पुढे निवृत्तीपर्यंत ते बेधडक "चुकलो" म्हणत राहिले.

काकांनी रेडिओवर चूक कबूल केली, त्या दिवशी सात नंबरच्या संघाला सुट्टी होती, तो घरीच होता. त्याने मला नंतर सांगितलं, काकांचं बोलणं ऐकून वडिलांनी उशाचा रेडिओ बंद केला. सामना अजून सुरूही झाला नव्हता. म्हणाले, "बस इथे. आता तू सांग, कुठून पळालास?"