बरोबर उत्तर

सुकटीचा वास आला की मला रोह्याची ती ओपीडी आठवते. मेडिकलला शिकताना, न्यूरोलॉजीच्या इलेक्टिव्ह पोस्टिंगवर असताना मी सरांसोबत तिथे जायचे आणि पेशंटची स्मरणशक्ती तपासायचे. त्या दिवशी मिठागरात राबून हात चिरलेली एक आजी समोर होती, शेजारी सुकटीची पिशवी मांडीवर घेतलेले आजोबा. वार, महिना, गाव, तिला काहीच सांगता येईना. शेवटी आजोबांकडे बोट दाखवून मी विचारलं, "हे कोण?" तिनं चटकन त्यांचं नाव सांगितलं. मी खुशीत बरोबरची खूण केली, तर आजोबा रडायलाच लागले. "लग्नापासून तिनं कधी माझं नाव घेतलं नाय गो. आज घेतलं, म्हंजे मी तिचा कोण, ता इसरली." मी केव्हाच डॉक्टर झाले, ती खूण मात्र अजून खोडता आलेली नाही.